बळ आणि चिवटपणा : उच्चबळ पोलादांतील उष्णतोपचार आणि सूक्ष्मरचना

पोलादाचे बळ आणि त्याचा चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. आकार कायमचा बदलण्यापूर्वी किंवा तुटण्यापूर्वी पोलाद किती प्रतिबल पेलते, हे त्याचे बळ. तुटताना ते किती ऊर्जा शोषते आणि आत भेग असतानाही ती पसरू न देता किती भार सोसते, हा त्याचा चिवटपणा. ताणबळ १,००० मेगापास्कलच्या पुढे नेले की सामान्यतः चिवटपणा घटू लागतो. विमानाचे लँडिंग गिअर, अग्निबाणाच्या मोटरचे कवच, टर्बाइनचा रोटर किंवा युद्धनौकेचे सांगाडाबांधणीचे पत्रे यांना मात्र दोन्ही गुण एकाच वेळी लागतात. या विषयावरच्या शतकभराच्या संशोधनातून एक सूत्र हाती येते. बळ ठरते ते धातूत सर्वत्र पसरलेल्या अडथळ्यांच्या सरासरीवर. चिवटपणा ठरतो तो सर्वांत कमकुवत जागेवर. म्हणून सारख्याच कठिनतेचे दोन तुकडे अगदी वेगळ्या प्रकारे मोडू शकतात. उष्णतोपचाराचे खरे कौशल्य केवळ कठिनता गाठण्यात नसून कमकुवत जागा बारीक, विखुरलेल्या आणि निरुपद्रवी ठेवण्यात आहे.

चिवटपणाची मोजणी

१९०१ मध्ये फ्रेंच अभियंते जॉर्ज शार्पी यांनी मांडलेली आघात चाचणी आजही जगभर वापरली जाते. १० × १० मिमी छेदाच्या, ५५ मिमी लांबीच्या नमुन्यात मधोमध २ मिमी खोल आणि ४५ अंशांची व्ही आकाराची खाच पाडतात. झुलता हातोडा खाचेच्या विरुद्ध बाजूवर आदळतो आणि तुकडा मोडण्यात खर्च झालेली ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते. हीच चाचणी वेगवेगळ्या तापमानांना केली की पोलादाचा एक ठळक स्वभाव समोर येतो. एका ठरावीक पट्ट्यात तापमान उतरताच शोषलेली ऊर्जा एकदम कोसळते आणि चिवट पोलाद ठिसूळ होते. या पट्ट्याला संक्रमण तापमान म्हणतात.

याचे कारण लोखंडाच्या स्फटिकरचनेत आहे. नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि केंद्रात बसलेले असतात. अशा रचनेत स्थानभ्रंश, म्हणजे धातूचे आकारांतर घडवून आणणारे स्फटिकातील रेषीय दोष, सरकण्यासाठी उष्णतेची मदत घेतात. थंडी वाढली की ते जड होतात आणि धातू वाकवायला लागणारे प्रतिबल वाढते. स्फटिक दुभंगायला लागणारे प्रतिबल मात्र जवळपास तेवढेच राहते. पहिले दुसऱ्याच्या वर गेले की धातू वाकण्याआधीच चिरतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या सुमारे २,७०० लिबर्टी जहाजांपैकी अनेकांना मोठ्या भेगा पडल्या. १९४३ च्या जानेवारीत पोर्टलंड येथे धक्क्याला बांधून ठेवलेला स्केनेक्टडी हा टँकर शांत पाण्यात दुभंगला. वेल्डिंगमुळे भेगेला एका पत्र्यातून दुसऱ्यात जायला सलग वाट मिळाली होती. पण मूळ दोष थंडीत ठिसूळ होणाऱ्या पोलादाचा होता, हे केंब्रिज विद्यापीठातील कॉन्स्टन्स टिपर यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

शार्पी चाचणी तुलना करायला सोयीची, पण तिच्या ज्यूलवरून रचनाकाराला सुरक्षित भार काढता येत नाही. ते काम भंगयामिकी करते. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेवर केलेले काम आणि जॉर्ज अर्विन यांनी १९५० च्या दशकात त्याला दिलेले धातूंसाठीचे रूप हा तिचा पाया. तिच्यातील भंग-चिवटपणा हा गुण मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ या एककात मोजतात. (पुढे या गुणाचे आकडे एकक न लिहिता दिले आहेत.) ४३४० हे निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद कठीण केल्यावर २६० अंश सेल्सिअसला टेम्पर केले, म्हणजे पुन्हा तापवले, तर त्याचा भंग-चिवटपणा सुमारे ५० भरतो, ४२५ अंशांना टेम्पर केले तर सुमारे ८७. मात्र त्याच वेळी त्याचे नमनबळ, म्हणजे आकार कायमचा बदलू लागतो ते प्रतिबल, १,६४० वरून १,४२० मेगापास्कलपर्यंत उतरते. महाराष्ट्रातील यंत्रशाळांत ईएन-२४ म्हणून ओळखले जाणारे पोलाद याच घराण्यातले आहे.

या आकड्यांचा अर्थ भेगेच्या लांबीत उतरवला की त्यांचे महत्त्व कळते. ८०० मेगापास्कल ताणाखालच्या भागाचा भंग-चिवटपणा ५० असेल, तर पृष्ठभागावरून आत गेलेली सुमारे १ मिमी खोल सरळ भेग त्याला तोडायला पुरते. भंग-चिवटपणा १०० असेल तर तीच मर्यादा सुमारे ४ मिमी होते. चिवटपणा दुप्पट झाला की सहन होणारी भेग चौपट होते. १ मिमीची भेग तपासणीतून निसटण्याची शक्यता मोठी असते, ४ मिमीची बरीच कमी.

तुटण्याचे तीन मार्ग

भंगलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पोलाद कोणत्या वाटेने तुटले ते दिसते. पहिली वाट पोकळ्यांची. धातूतील कठीण कणांभोवती सूक्ष्म पोकळ्या सुटतात, वाढतात आणि एकमेकींना मिळतात. पृष्ठभागावर बारीक खळगे उमटतात. यात ऊर्जा भरपूर खर्च होते. दुसरी वाट पाटनाची. स्फटिक ठरावीक प्रतलांवर दुभंगतो आणि चकाकणारे सपाट पैलू दिसतात. तिसरी वाट कणसीमांची. मूळ ऑस्टेनाइटच्या, म्हणजे पोलादाच्या उच्च तापमानातल्या स्फटिकरूपाच्या, कणांच्या सीमा उकलतात आणि पृष्ठभाग खडीसाखरेसारखा दाणेदार दिसतो. तिन्ही वाटांचे नियंत्रण सूक्ष्मरचनेच्या वेगवेगळ्या घटकांकडे असते. पोकळ्या कणांच्या संख्येवर आणि अंतरावर अवलंबून असतात, पाटन स्फटिकदिशांच्या एककाच्या आकारावर, आणि सीमाभंग सीमांवर साचलेल्या मूलद्रव्यांवर. त्यामुळे चिवटपणा कमी पडला की आधी तुटण्याची वाट ओळखावी लागते. उपाय त्यानंतर ठरतो.

कण बारीक करणे

बळ आणि चिवटपणा दोन्ही वाढवणारा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे स्फटिककण बारीक करणे. ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये दाखवले की कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बळ वाढते. बारीक कण पाटनाच्या भेगेला वारंवार दिशा बदलायला लावतात, म्हणून संक्रमण तापमानही खाली जाते. कर्ब वाढवून किंवा अवक्षेपणाने मिळवलेल्या बळात हा दुहेरी लाभ नसतो.

कण बारीक राखण्यासाठी ऑस्टेनाइटच्या अवस्थेतच त्यांची वाढ रोखावी लागते. ॲल्युमिनियम नायट्राइड किंवा टायटॅनियम नायट्राइडचे सूक्ष्म कण सीमांना धरून ठेवतात. नायोबियमचे अत्यल्प प्रमाण रोलिंगच्या वेळी ऑस्टेनाइटचे पुनःस्फटिकीकरण थोपवते. चपटे झालेले कण मग थंड होताना बारीक फेराइट किंवा बेनाइटमध्ये बदलतात. तेल आणि वायूवाहिन्यांची पोलादे या नियंत्रित रोलिंगनेच तयार होतात. सूक्ष्ममिश्रणाच्या याच मार्गावर हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेने डीएमआर-२४९ए हे नौदल पोलाद विकसित केले. कोचीत बांधलेली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत आणि मुंबईत माझगाव डॉकने बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम ही विनाशिका याच पोलादाच्या आहेत.

या नियमाला एक लक्षवेधी अपवाद सापडला. ४३४० पोलाद नेहमीच्या ८७० अंशांऐवजी १,२०० अंशांना तापवून क्वेंच केले, म्हणजे वेगाने थंड केले, तर कण बरेच जाड होतात आणि तरीही टेम्पर न केलेल्या अवस्थेतला भंग-चिवटपणा वाढतो. त्याच वेळी शार्पी ऊर्जा मात्र घटते. १९७० च्या दशकात आर. ओ. रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उलगडा केला. तीक्ष्ण भेगेच्या टोकाशी सर्वाधिक ताणाचा प्रदेश अतिशय लहान असतो, खाचेच्या गोलसर तळाशी तो मोठा असतो. भंग सुरू व्हायला संवेदनशील सूक्ष्मरचनेचे एक किमान अंतर त्या ताणाखाली यावे लागते. जाड कणांत हे अंतर मोठे असल्याने तीक्ष्ण भेगेला अडचण होते, रुंद खाचेला होत नाही. एका चाचणीच्या निकालावर उष्णतोपचार बदलू नये, हा या अभ्यासाचा टिकाऊ धडा आहे.

मार्टेन्साइटची उतरंड

ऑस्टेनाइट वेगाने थंड केला की कर्बाच्या अणूंना बाहेर पडायला वेळ मिळत नाही. जाळी कातरल्यासारखी सरकते आणि ताणलेल्या रचनेचा मार्टेन्साइट तयार होतो. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून तो ओळखला जातो. कर्ब सुमारे ०.६ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मार्टेन्साइट बारीक, समांतर पट्ट्यांचा बनतो. कर्ब १ टक्क्याच्या पुढे गेला की तो भिंगाकार पत्र्यांचा होतो, पत्रे एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्यात सूक्ष्म चिरा पडतात. उच्चबळ संरचनात्मक पोलादांत कर्ब बहुधा ०.४ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

पट्टीदार मार्टेन्साइटमध्ये एक उतरंड असते. मूळ ऑस्टेनाइट कणात काही गट, गटात अनेक ठोकळे आणि ठोकळ्यात जवळजवळ एकाच दिशेच्या असंख्य पट्ट्या. एका ऑस्टेनाइट कणातून मार्टेन्साइटच्या २४ वेगवेगळ्या दिशा संभवतात. पट्ट्यांमधील सीमा लहान कोनाच्या असतात, म्हणून पाटनाची भेग त्या सहज ओलांडते. ठोकळ्यांच्या आणि गटांच्या सीमा मोठ्या कोनाच्या असल्याने भेग तिथे वळते किंवा थांबते. पाटनाच्या दृष्टीने परिणामकारक कण पट्टी नसून ठोकळा किंवा गट ठरतो. ऑस्टेनाइट कण बारीक केला की ही एककेही बारीक होतात, आणि म्हणूनच क्वेंचिंगपूर्वीच्या तापमानाचा प्रभाव अखेरपर्यंत टिकतो.

जाड भागात क्वेंचिंगचा वेग गाभ्यापर्यंत पुरेसा पोचत नाही. तिथे मार्टेन्साइटसोबत जाडसर वरचा बेनाइट, फेराइट किंवा पर्लाइट तयार होतो. टेम्परिंगनंतर पृष्ठभाग आणि गाभा यांची कठिनता फारशी वेगळी भरणार नाही असा उपचार साधता येतो, पण मिश्र रचनेचा चिवटपणा संपूर्ण मार्टेन्साइटइतका राहत नाही. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळण्याचा पहिला हेतू हाच असतो, की हळू थंड होणाऱ्या गाभ्यातही मार्टेन्साइट तयार व्हावा. निकेल याखेरीज संक्रमण तापमान खाली नेते.

टेम्परिंग आणि त्यातील दोन धोके

क्वेंच केलेला मार्टेन्साइट कठीण पण ठिसूळ असतो. तो पुन्हा मध्यम तापमानाला तापवणे म्हणजे टेम्परिंग. सुमारे १०० ते २५० अंशांत अतिसूक्ष्म संक्रमण कार्बाइड बाहेर पडतात. २०० ते ३०० अंशांत उरलेला ऑस्टेनाइट विघटतो. साधारण २५० अंशांच्या पुढे सिमेंटाइट, म्हणजे लोखंडाचे कार्बाइड, तयार होऊ लागते आणि ४०० अंशांनंतर ते जाड व गोलसर होत जाते. स्थानभ्रंशांची गर्दी कमी होते, बळ उतरते, चिवटपणा वाढतो. ही वाढ सलग मात्र नसते. वाटेत दोन खळगे लागतात.

पहिला खळगा २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान असतो. पट्ट्यांमधील ऑस्टेनाइट विघटून तिथे सिमेंटाइटचे सलग पापुद्रे बसतात, आणि ऑस्टेनाइटच्या जुन्या सीमांवर फॉस्फरस असेल तर दोन्ही मिळून भेगेला वाट करून देतात. हा दोष थोड्याच वेळात उद्भवतो आणि पुन्हा त्याच पट्ट्यात तापवून जात नाही. म्हणून ४३४० सारखी पोलादे एकतर २०० अंशांच्या आसपास टेम्पर करतात किंवा थेट ४२५ अंशांच्या वर. सिलिकॉन हा त्यावरचा सुज्ञ तोडगा आहे. ते सिमेंटाइटमध्ये विरघळत नसल्याने त्याची निर्मिती लांबवते आणि खळग्याला वरच्या तापमानाकडे ढकलते. ४३४० मध्ये सुमारे १.६ टक्के सिलिकॉन आणि थोडे व्हॅनेडियम घालून बनवलेले ३००एम पोलाद ३०० अंशांच्या जवळ टेम्पर करता येते आणि त्याचे ताणबळ १,९०० मेगापास्कलच्या पुढे राहते. प्रवासी विमानांच्या लँडिंग गिअरमध्ये ते अनेक दशके वापरात आहे.

दुसरा खळगा साधारण ३७५ ते ५७५ अंशांत आहे. या पट्ट्यात पोलाद दीर्घकाळ राहिले किंवा त्यातून सावकाश थंड झाले, तर फॉस्फरस, कथील, अँटिमनी आणि आर्सेनिक ही मूलद्रव्ये जुन्या ऑस्टेनाइट सीमांवर गोळा होतात. कठिनता जवळपास तीच राहते, ताणचाचणीतही विशेष काही दिसत नाही. संक्रमण तापमान मात्र शंभर किंवा अधिक अंशांनी वर सरकू शकते. निकेल, क्रोमियम आणि मँगनीज हा परिणाम वाढवतात, तर सुमारे ०.५ टक्के मॉलिब्डेनम तो कमी करते. दोष उलटवता येतो: ६०० अंशांच्या वर तापवून वेगाने थंड केले की सीमा पुन्हा मोकळ्या होतात. १९६९ मध्ये इंग्लंडमधील हिंक्ली पॉइंट अणुवीज केंद्रात टर्बाइनची चकती फिरत असताना फुटली. क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या त्या चकतीत हाच ठिसूळपणा होता, आणि ताण आणि गंज यांच्या एकत्रित परिणामाने पडलेली लहानशी भेग तिला पुरली. त्यानंतर टर्बाइनच्या मोठ्या घडाईंसाठी अशुद्धी काटेकोरपणे कमी केलेली पोलादे वापरण्यावर भर वाढला.

उरलेला ऑस्टेनाइट

क्वेंचिंगनंतर उरलेला ऑस्टेनाइट चिवटपणाला मदत करतो की मारक ठरतो, हे त्याच्या रूपावर आणि स्थैर्यावर ठरते. पट्ट्यांमध्ये पातळ थरांच्या रूपात असलेला, कर्बाने किंवा निकेलने स्थिर झालेला ऑस्टेनाइट भेगेचे टोक बोथट करतो. मोठ्या ठोकळ्यांच्या रूपातला, कमी स्थिर ऑस्टेनाइट थोड्याशा ताणाने ताज्या, ठिसूळ मार्टेन्साइटमध्ये बदलतो आणि तिथूनच भेग सुरू होते. ९ टक्के निकेलचे पोलाद हे हितकारक रूपाचे उत्तम उदाहरण आहे. टेम्परिंगच्या वेळी त्यात थोडा नवा, स्थिर ऑस्टेनाइट तयार होतो, आणि उणे १९६ अंशांनाही हे पोलाद चिवट राहते. द्रवरूप नैसर्गिक वायूच्या टाक्या त्याच्या बनवतात.

ताणाखाली ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइटमध्ये होणारे रूपांतर चिवटपणासाठी वापरण्याची कल्पना व्हिक्टर झॅके आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडली. २००३ मध्ये जॉन स्पीअर आणि सहकाऱ्यांनी अर्धवट क्वेंचिंग करून कर्बाला उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये शिरू देण्याचा उपचार पुढे आणला. वाहनांच्या उच्चबळ पत्र्यांवरील संशोधनाला त्यातून मोठी दिशा मिळाली.

बेनाइट

मार्टेन्साइट बनण्याच्या तापमानाच्या किंचित वर पोलाद धरून ठेवले तर बेनाइट मिळतो. एडमंड डेव्हनपोर्ट आणि एडगर बेन यांनी १९३० मध्ये त्याचे वर्णन केले. वरच्या बेनाइटमध्ये पत्र्यांमध्ये जाड सिमेंटाइट बसते, म्हणून तो कमी चिवट. खालच्या बेनाइटमधील कार्बाइड पत्र्यांच्या आत आणि बारीक असते, म्हणून सारख्याच बळाला तो बरेचदा टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटच्या बरोबरीने उभा राहतो. सिलिकॉन घालून सिमेंटाइट टाळले की फेराइटचे पत्रे आणि ऑस्टेनाइटचे थर एवढेच उरतात. हर्षद भदेशिया आणि फ्रान्सिस्का काबालेरो यांनी केंब्रिजमध्ये याच मार्गाने २०० अंशांच्या आसपास कित्येक दिवस ठेवून २० ते ४० नॅनोमीटर जाडीचे पत्रे मिळवले. अशा पोलादाचे ताणबळ २,००० मेगापास्कलच्या पुढे जाते. त्याचा भंग-चिवटपणा मात्र मध्यमच राहतो, कारण ऑस्टेनाइटचे मोठे ठोकळे पूर्णपणे टाळणे कठीण असते.

कर्बाविना बळ

बळासाठी कर्बावर विसंबायचेच नाही, हा मॅरेजिंग पोलादांचा मार्ग. १९६० च्या सुमारास अमेरिकेत विकसित झालेल्या या गटात सुमारे १८ टक्के निकेल, ८ टक्के कोबाल्ट, ५ टक्के मॉलिब्डेनम आणि थोडे टायटॅनियम असते. कर्ब जवळपास नसतोच. थंड होताना मऊ, तन्य मार्टेन्साइट तयार होतो, त्यावर यंत्रकाम आणि वेल्डिंग सहज होते. नंतर ४८० अंशांच्या आसपास काही तास ठेवले की निकेलचे मॉलिब्डेनम व टायटॅनियमशी झालेले आंतरधातू कण अवक्षेपित होतात आणि बळ दुपटीजवळ जाते. सिमेंटाइटचे पापुद्रे नसल्याने २५० श्रेणीच्या पोलादात सुमारे १,७०० मेगापास्कल नमनबळासोबत १०० च्या वर भंग-चिवटपणा मिळतो. हैदराबादची मिश्र धातू निगम हे पोलाद बनवते. इस्रोच्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातील घन इंधन मोटरचे २.८ मीटर व्यासाचे कवच याच पोलादाचे असते, आणि अशी कवचे घडवण्यात पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा वाटा आहे.

एअरमेट १०० या पोलादात दोन्ही मार्ग एकत्र आले आहेत. त्यात सुमारे १३ टक्के कोबाल्ट, ११ टक्के निकेल, ३ टक्के क्रोमियम, १.२ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.२३ टक्के कर्ब असतो. ४८२ अंशांना ५ तास ठेवले की सिमेंटाइट विरघळून त्याच्या जागी अतिसूक्ष्म मॉलिब्डेनम-क्रोमियम कार्बाइड येतात आणि पट्ट्यांमध्ये पातळ ऑस्टेनाइट तयार होतो. १,९५० मेगापास्कलच्या आसपास ताणबळ आणि ११० च्या वर भंग-चिवटपणा, हा मेळ ३००एमच्या आवाक्याबाहेरचा आहे. तापमान थोडे कमी ठेवले तर सिमेंटाइट शिल्लक राहून चिवटपणा कोसळतो. थोडे जास्त ठेवले तर कार्बाइड जाड होऊन बळ उतरते.

शुद्धता आणि हायड्रोजन

पोकळ्यांच्या वाटेने तुटणाऱ्या पोलादात उष्णतोपचार उत्तम असूनही अशुद्धींचे कण मर्यादा घालतात. मँगनीज सल्फाइड रोलिंगमध्ये लांबट होते, म्हणून आडव्या दिशेचा चिवटपणा उभ्यापेक्षा कमी भरतो. कॅल्शियम किंवा दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये घालून कण गोलसर ठेवतात. निर्वात वितळण आणि निर्वात आर्कने पुनर्वितळण केल्यास ऑक्सिजन आणि इतर वायू कमी होतात. कण जितके विरळ आणि एकमेकांपासून दूर, तितकी पोकळ्यांना मिळायला जास्त ऊर्जा लागते.

हायड्रोजनचा परिणाम १८७५ मध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी आम्लात बुडवलेल्या लोखंडावर नोंदवला. ताणबळ १,००० ते १,२०० मेगापास्कलच्या वर गेले की पोलाद त्याला विशेष संवेदनशील होते. विद्युत्-विलेपनानंतर उच्चबळ भाग १९० अंशांच्या आसपास बरेच तास भाजून हायड्रोजन बाहेर काढतात. स्वच्छ कणसीमा हा धोका कमी करतात, आणि सूक्ष्म, विखुरलेली कार्बाइडे हायड्रोजनला अडकवून तेच साधतात.

नवे मार्ग

२००८ मध्ये जपानमधील युउजी किमुरा आणि सहकाऱ्यांनी ०.४ टक्के कर्बाचे सिलिकॉनयुक्त पोलाद ५०० अंशांना टेम्परिंगच्या तापमानातच रोल केले. त्यातून लांबट, अतिसूक्ष्म कणांची तंतुमय रचना मिळाली. बांबू आडवा तोडताना जशी चीर तंतूंच्या बाजूने पळते तशी भेग मूळ वाट सोडून आडवी वळते. एका पट्ट्यात तापमान खाली गेल्यावर या पोलादाचा चिवटपणा उलट वाढला. २०२० मध्ये हाँगकाँगमधील संशोधकांनी सुमारे २,००० मेगापास्कल नमनबळाच्या पोलादात कणसीमांचे थर मुद्दाम सुटू देऊन १०० च्या आसपास भंग-चिवटपणा मिळवला. एरवी धोकादायक मानलेली कमकुवत सीमा भेगेच्या मार्गाला समांतर न ठेवता आडवी ठेवली की ती उपयोगी पडते. अशी रचना मात्र दिशेनुसार बदलते. एका दिशेत चिवट असलेला भाग दुसऱ्या दिशेत दुबळा असू शकतो.

प्रत्यक्ष निवडीचा क्रम या सगळ्यातून स्पष्ट होतो. आधी स्वच्छ वितळण, मग बारीक ऑस्टेनाइट कण, मग संपूर्ण छेदात मार्टेन्साइट किंवा खालचा बेनाइट, आणि शेवटी दोन्ही खळगे टाळणारे टेम्परिंग. यातील कोणतीही पायरी चुकली तर पुढची ती भरून काढू शकत नाही. तपासणीतही केवळ कठिनतेचा आकडा पुरत नाही; भाग ज्या तापमानाला आणि ज्या दिशेने ताण घेणार आहे त्याच अवस्थेत शार्पी आणि भंग-चिवटपणा या दोन्ही चाचण्या कराव्या लागतात.